दुपटी, डाग आणि कृष्णाकाठचे ऊन

तान्ह्या मुलाच्या लंगोटावरचा पिवळाधमक डाग साबणाने निघत नाही, उन्हाने निघतो. कृष्णाकाठच्या आज्यांना ही गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. तरीही नव्याने आई झालेली, शिकलेली, नोकरी करणारी मुलगी पहिले काही दिवस तोच डाग ब्रशाने घासघासून कापडाची चाळण करून टाकते, कारण डाग म्हणजे मळ, मळ म्हटला की साबण आणि साबण म्हटला की घासणे, असा सरधोपट हिशेब जाहिरातींनी आपल्या मनात पक्का बसवून दिला आहे. घराघरांत रोज बोलला जाणारा आणि छापील पानावर मात्र क्वचितच येणारा हा विषय आहे. त्यात रसायनशास्त्र आहे, वैद्यक आहे, या मुलखाचे पाऊसपाणी आहे आणि ज्यांची नोंद कोणत्याही दफ्तरात झाली नाही अशा हातांचे श्रमही आहेत. म्हणून तो विस्ताराने मांडण्याजोगा आहे, असे मला मनापासून वाटते.

सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे आज वेगळे असले, तरी त्यांची नाळ एकच आहे. सातारा जिल्ह्याचे दक्षिणेकडील तालुके आणि विलीन झालेल्या संस्थानांचा मुलूख एकत्र करून १ ऑगस्ट १९४९ रोजी ‘दक्षिण सातारा’ जिल्हा निर्माण झाला आणि त्यालाच २१ नोव्हेंबर १९६० रोजी सांगली हे नाव मिळाले. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाईच्या घाटांवरून उतरते, माहुलीस वेण्णेला आणि कऱ्हाडास कोयनेला पोटात घेते आणि सांगलीचा घाट ओलांडून हरिपुराशी वारणेला भेटते. परंतु या नदीच्या दोहों अंगांनी पसरलेल्या प्रदेशात निसर्गाने दाने फार विषम वाटली आहेत. महाबळेश्वरास वर्षाकाठी सुमारे साडेपाच हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो, तर त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात दहिवडीस पाचशे मिलिमीटरांच्या आसपास पडला तरी रयत समाधान मानते. लंगोटावरचा डाग काढण्यास पाणी आणि ऊन या दोन गोष्टी लागतात. त्यांपैकी जावळीच्या खोऱ्यात चार महिने पाणी उदंड आणि ऊन नाही, तर माण, खटाव, आटपाडी, जत या पट्ट्यात ऊन उदंड आणि पाणी नाही. कापडी लंगोटांची सारी हकीगत या दोन टोकांच्या मध्ये घडते.

प्रथम कापडाचा विचार करू. आपल्याकडे जन्मलेल्या मुलाला नवे कोरे कापड न घालता आजोबांचे जुने धोतर किंवा आजीचे मऊ झालेले सुती लुगडे फाडून त्याचे लंगोट आणि दुपटी करण्याचा शिरस्ता आहे. कोणी त्याला काटकसर म्हणते, कोणी शकुन. परंतु त्याचे शास्त्रीय कारणही तितकेच भक्कम आहे. कापसाच्या तंतूवर नैसर्गिक मेणाचा अंश असतो आणि मागावरून उतरलेल्या नव्या कापडावर खळीचा थर असतो. हे दोन्ही पाण्याला अडवतात. वर्षानुवर्षे धुतलेल्या धोतरात त्यांचा मागमूसही उरत नाही, तंतू मोकळे होतात आणि कापड ओल झटकन शोषून घेते. ज्या कापडात ओल सहज शिरते, त्यातून डागही तितक्याच सहज बाहेर पडतो. विट्याच्या किंवा इचलकरंजीच्या मागांवरचे नवे सुती कापड आणून घरी लंगोट शिवणाऱ्यांनी ते आधी तीन-चार वेळा गरम पाण्यात धुऊन घ्यावे, असे अनुभवी बाया सांगतात, ते याचसाठी.

आता डागाकडे वळू. मूल जन्मल्यावर पहिले दोन-तीन दिवस जी काळपट हिरवी, डांबरासारखी चिकट शी होते, तिचा डाग सर्वांत हट्टी. तो पुढे धूत बसण्यापेक्षा बाळाच्या कुल्ल्यांना आधीच तेलाचा हात लावून ठेवणे आणि लंगोटात जुन्या मलमलीचा एक टाकाऊ तुकडा घालणे हाच त्याचा खरा बंदोबस्त. त्यानंतर अंगावरच्या दुधावर वाढणाऱ्या मुलाची शी पिवळी होते, आणि हा पिवळेपणा कोठून येतो हे कळले की तो घालवावा कसा हेही आपोआप कळते. रक्तातील तांबड्या पेशी जुन्या होऊन मोडतात तेव्हा त्यांतील रंगद्रव्यापासून आधी हिरवे बिलिव्हर्डिन आणि मग पिवळे बिलिरुबिन तयार होते. यकृत ते पित्तावाटे आतड्यात सोडते. मोठ्या माणसाच्या आतड्यातील जंतू त्याचे रूपांतर करून त्याला तपकिरी रंग देतात. तान्ह्या मुलाच्या आतड्यात त्या जंतूंची वस्ती अजून पुरती झालेली नसते, म्हणून बिलिरुबिन बरेचसे आहे तसेच बाहेर पडते आणि लंगोटावर हळदीसारखे उमटते. वाऱ्यावर राहिलेला डाग कधी हिरवट पडतो, त्याचेही कारण हेच, की हवेतील ऑक्सिजनाच्या योगाने पिवळे द्रव्य पुन्हा हिरव्याकडे सरकते.

बिलिरुबिन प्रकाशापुढे टिकत नाही, ही गोष्ट वैद्यकाच्या ध्यानी येण्यास मात्र विसाव्या शतकाचा मध्य उजाडावा लागला, आणि ती ध्यानी आली तीही एका परिचारिकेच्या जागरूक नजरेमुळे. इंग्लंडमधील एसेक्स परगण्यात रॉचफर्ड येथील रुग्णालयात वॉर्ड नावाच्या परिचारिका अपुऱ्या दिवसांच्या मुलांना उन्हाच्या दिवसांत अंगणात नेत असत. १९५६ साली त्यांनी डॉक्टरांना कावीळ झालेले एक मूल दाखविले. त्याचे अंग फिकट झाले होते, परंतु चादरीच्या कोपऱ्याखाली झाकला गेलेला त्रिकोणी भाग तेवढा गडद पिवळा राहिला होता. पुढे खिडकीतल्या उन्हात राहून गेलेल्या रक्ताच्या नळीतही बिलिरुबिन उतरलेले आढळले; तेथील डॉ. क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग करून १९५८ साली ‘लॅन्सेट’ मध्ये निबंध प्रसिद्ध केला आणि आज मिरजेपासून मुंबईपर्यंतच्या प्रसूतिगृहांत निळ्या दिव्यांखाली निजविलेली जी तान्ही मुले आपण पाहतो, त्या उपचाराचा पाया घातला गेला. त्वचेत प्रकाशामुळे बिलिरुबिनाची घडण बदलून ते शरीराबाहेर टाकण्याजोगे होते. कापडावर ते प्रकाश आणि ऑक्सिजन यांच्या संयोगाने तुटून रंगहीन होते. दोन्ही ठिकाणी द्रव्य एक, कारण एक. ज्या बायका दुपटी उन्हात पसरीत होत्या, त्यांच्या हातात हे ज्ञान रॉचफर्डच्या कितीतरी आधीपासून होते. अंगणातील ते मूल पाहणारी नजरही एका स्त्रीचीच होती, याची नोंद येथे करून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

धुण्याचा क्रम मात्र उलटा होता कामा नये, आणि बहुतेक फजिती येथेच होते. शीचा लंगोट आधी गार पाण्यातच काढावा; कढत पाणी ओतले की त्यातील प्रथिने गोठून तंतूंना धरून बसतात आणि डाग कापडाचा होऊन जातो. गार पाण्याने वरची घाण गेली की मग क्षाराची पाळी. साबणाची वडी घरोघर पोहोचण्यापूर्वी आपल्याकडे हे काम चुलीतील राखेच्या निवळाने आणि रिठ्याने होत असे: राखेत पोटॅशियमचा क्षार असतो, तो तेलकटपणा फोडतो, रिठ्यातील फेस आणणारे सॅपोनिन मळ सोडवून पाण्यात तरंगत ठेवते. परीट मंडळी याच कामी खारी माती वापरीत आणि भट्टी लावून कपड्यांना वाफ देत. १९६९ नंतर निरमा आणि त्यामागून आलेल्या भुकट्यांनी राख आणि रिठा मागे टाकला, आणि श्रम वाचले हे खरेच. पण त्याबरोबर एक नवी तक्रारही आली. कूपनलिकेच्या जड पाण्यात साबणाचा चुन्याशी संयोग होऊन करडा, चिकट साका बनतो, भुकटी जास्त पडली तर ती पुरती निघत नाही, आणि अशा कापडावर मुताची ओल साचली की जंतू तिच्यातून अमोनिया तयार करतात. मग लंगोटाला उग्र दर्प येतो, बाळाचे बूड लाल होते, आणि आई समजते की साबण कमी पडला. तो वाढविणे हा इलाज नव्हे. साबण कमी आणि खळबळून काढण्याचे पाणी जास्त, हा इलाज. शेवटच्या पाण्यात लिंबाचा थोडा रस पिळला तर क्षाराचा उरलासुरला अंशही मारला जातो.

यानंतर ऊन, आणि ते ओल्या कापडावर पडावे, वाळल्यावर नव्हे, कारण ओलाव्यात हे विघटन जलद होते. डागाची बाजू सूर्याकडे करावी, दुपारी कापड सुकले तर पुन्हा पाणी शिंपडावे. नदीकाठी धुणाऱ्या बाया कपडे हिरवळीवर पसरतात. हॉलंडातील हार्लेमच्या कुरणांवर सतराव्या-अठराव्या शतकांत सबंध युरोपातले लिननचे कापड असेच आंबट ताकात भिजवून गवतावर महिनेच्या महिने पसरले जाई; ताकाच्या जागी सौम्य गंधकाम्ल वापरण्याचा तोडगा फ्रान्सिस होम यांनी १७५६ साली सुचविला आणि पुढे बर्थोले यांनी १७८५ साली क्लोरीनने कापड पांढरे करून दाखविले, तेव्हा कुठे कुरणांची मक्तेदारी संपली. हेच क्लोरीनचे पाणी आज बाटलीतून मिळते. लंगोटासाठी मी ते वर्ज्य मानतो: त्याने कापसाचा तंतू कुजतो, त्याचा अंश राहिला तर कोवळ्या कातडीला झोंबतो, आणि मूत्राच्या अमोनियाशी त्याचा संबंध आला तर विषारी वायू निघतो. उन्हाचा दुसरा गुण असा, की ते जंतूही मारते. डाउन्स आणि ब्लंट या दोघा इंग्रज संशोधकांनी हे १८७७ साली सिद्ध केले आहे.

परंतु प्रत्येक डागाला ऊन हाच उतारा नाही, आणि सांगलीत राहून हे लक्षात न येणे अशक्य आहे. सांगली ही हळदीची पेठ. ‘सांगली हळद’ या नावाला २०१८ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. हरिपुरास जमिनीत खणलेल्या पेवांत पूर्वी हळदीचे साठे होत असत, त्यांपैकी पुष्कळ पेवे २००५ च्या महापुराने निकामी केली. या मुलखात बाळबाळंतिणीच्या अंगाला तेल लावताना हळदीचा हात फिरतोच, आणि मग दुपट्यावर दोन वेगळे पिवळे डाग शेजारी शेजारी बसतात, एक हळदीचा, एक शीचा. साबण लावला की हळदीचा डाग लालभडक होतो आणि पाहणारी घाबरते. पण हळदीवर क्षाराची क्रिया होऊन कुंकू बनते, तोच हा प्रकार. लिंबाच्या पाण्यात बुडविताच तो पुन्हा पिवळा होतो आणि दोन-तीन उन्हांत उडून जातो, कारण हळदीतील रंगद्रव्यही प्रकाशाला भिते. तेलाचे मात्र तसे नव्हे. मालिशीचे तेल कापडात राहून उन्हात तापले तर ते घट्ट होऊन पिवळ्या व्हार्निशासारखे बसते, कापड पाणी शोषीनासे होते. म्हणून तेलकट दुपटे उन्हात घालण्यापूर्वी ऊन पाण्यात, धुण्याच्या सोड्यात भिजवून तेलमुक्त करून घ्यावे लागते. मूल सहा महिन्यांचे होऊन उष्टावण झाले की आणखी नवे डाग येतात. गाजराचा नारिंगी डाग उन्हाने जातो. केळ्याचा डाग मात्र हवा लागताच काळवंडत जातो आणि उन्हाने उलट पक्का होतो, तसाच आटपाडीच्या डाळिंबाच्या रसाचा. हे दोन्ही ओले असतानाच गार पाण्याने काढले तर निघतात, एरवी तो लंगोट डागासकट वापरावा हे बरे.

या विद्येच्या खऱ्या धनीण कोण होत्या? बारा बलुतेदारांत परीट होता. १८८५ च्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटिअरात त्याची जात म्हणून नोंद आहे, त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’त बलुत्याच्या चौकटीचा सांगोपांग तपशील आहे. बाळंतिणीचे, सोहेराच्या दिवसांतले कपडे घरची इतर माणसे शिवत नसत, आणि ते धुण्याचे काम पुष्कळ गावांत परटिणीकडे जाई. मोबदला सुगीला धान्याच्या रूपाने, तोही नवऱ्याच्या नावाने. हक्क आणि वतने लिहिण्याची तजवीज मामलेदाराच्या कचेरीत होती. रक्ताचा डाग कशाने जातो, पित्ताचा कशाने, हे ज्या बाईला ठाऊक होते तिचे नाव लिहिण्याचा रकाना कोणत्याच कागदात नव्हता. ज्यांच्या स्पर्शाने घर स्वच्छ होई त्यांनाच ओवळे मानण्याची ही रीत अन्यायाची होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. परीट समाजात २३ फेब्रुवारी १८७६ रोजी जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगे महाराजांनी, हाती खराटा घेऊन या अन्यायाला दिलेले उत्तर महाराष्ट्र जाणतो. कृष्णा-कोयनेच्या संगमावरील कऱ्हाडात भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने १९५४ साली काढलेले महाविद्यालय गाडगे महाराजांच्याच नावाने उभे आहे. बलुते मोडले, धुणे मात्र परटिणीकडून सुटून आजी, सून आणि मोलकरीण यांच्या अंगावर पडले. बाळंतिणीचे हे धुणे पुरुषांकडे बलुत्यातही नव्हते, पुढेही आले नाही.

डाग काढण्यापूर्वी तो पाहावा, ही या लेखातील सर्वांत महत्त्वाची बाब आहे. पहिल्या दोन-तीन दिवसांत लंगोटावर विटेच्या भुकटीसारखा तांबूस ठिपका दिसला तर ते बहुधा युरिक आम्लाचे स्फटिक असतात. दूध नीट मिळू लागले की ते थांबतात, आणि न थांबले तर विचारावे. परंतु मूल दोन आठवड्यांचे होऊनही त्याचे डोळे पिवळे असतील, शी पांढरट, राखट किंवा शाडूच्या रंगाची येत असेल आणि मूत कापडाला पिवळे डाग पाडीत असेल, तर एक दिवसही न गमावता बालरोगतज्ज्ञाकडे जावे. तान्ह्या मुलाचे मूत बहुशः बिनरंगी असते. पांढरट शी आणि पिवळे मूत ही पित्तनलिका बंद असल्याची खूण असू शकते, आणि तिच्यावरील शस्त्रक्रिया, जपानचे मोरिओ कासाई यांनी १९५० च्या दशकात घडविलेली, मूल साठ दिवसांचे होण्यापूर्वी झाली तर तिला यश येण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. तैवानात मातांना शीच्या रंगांचे तक्ते छापून देतात, ते याचसाठी. आपल्याकडे लंगोट धुणारी बाई हाच तक्ता आहे. तिने पाहिले आणि तिचे ऐकले गेले, तर मूल वाचते. काविळीवर उन्हाचा भरवसा मात्र ठेवू नये. कापडावरचा डाग उन्हावर सोडावा, मुलाची कावीळ डॉक्टरांवर. मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली रुग्णालय उभारल्यापासून या मुलखाला वैद्यकाची सोय जवळ आहे; अगदी जत-आटपाडीच्या गावांनाही ती आता एका दिवसाच्या टप्प्यात आहे.

आता बाजारी डायपराविषयी. त्याला नावे ठेवणे सोपे आहे, पण जिथे पिण्याच्या पाण्याचा टँकर आठवड्यातून मोजक्या खेपा करतो, तिथे दिवसाला दहा-बारा लंगोट धुण्याचा उपदेश करणे निर्दयपणाचे होईल. एप्रिल २०१६ मध्ये लातूरची तहान भागविण्यासाठी दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी घेऊन पहिली रेल्वेगाडी मिरजेहून निघाली, तेव्हा मिरजेच्याच पूर्वेकडील गावे टँकरची वाट पाहत होती. ताकारी, म्हैसाळ, टेंभू या उपसा योजनांनी पाणी पुढे सरकले आहे. शिवारांत चर निघाले, द्राक्षे आणि डाळिंबे पिकली. पण शेताला पाणी आले म्हणजे न्हाणीत पाणी आले असे नव्हे. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराची पातळी ५७ फुटांवर गेली, त्या दिवसांत निवारा छावण्यांतून राहिलेल्या आयांच्या चोहोंकडे पाणी होते, धुण्याजोगे नव्हते आणि ऊनही नव्हते. तेथे टाकाऊ डायपर हीच माणुसकी होती. एरवी मात्र त्याचा गैरवापर होतो. त्यातील शोषक भुकटी आणि प्लास्टिकचा थर कुजत नाही. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ते पिशवीत वा योग्य वेष्टनात गुंडाळून सुक्या कचऱ्यात देण्याचे बंधन घातले, पण ओढ्यांच्या कडेला आणि नदीच्या पात्राकडेला ते किती सर्रास टाकलेले दिसतात, हे घाटावर जाऊन कोणीही पाहावे. ब्रिटिश सरकारने २००८ साली केलेल्या पाहणीत आढळले, की अडीच वर्षांच्या वापरात कापडी आणि टाकाऊ लंगोटांचा हवामानावरील भार जवळजवळ सारखाच येतो. पण तेच कापड दोरीवर वाळविले, यंत्र पूर्ण भरून चालविले आणि दुसऱ्या मुलासाठी पुन्हा वापरले, तर कापडाचा भार बराच खाली येतो. आपल्या घरांनी यंत्राशिवाय, उन्हात आणि थोरल्याची दुपटी धाकट्याला घालून तो हिशेब आधीच मिटविला आहे.

कापडाची घाण नदीत मात्र कधीही धुऊ नये. तान्ह्याची शी निरुपद्रवी असते, हा समज चुकीचा आहे. मोठ्यांच्या शीइतकेच रोगजंतू तिच्यात असू शकतात. ती शौचकूपात टाकावी, लंगोट बादलीत वेगळा धुवावा, मळके पाणी मोरीतून जावे. झाडांना घालायचेच असेल तर भाजीच्या वाफ्यात घालू नये. वाई, माहुली, हरिपूर, सांगली येथील घाटांवर लोक आजही स्नान करतात, तेव्हा हे सांगणे भाग आहे.

सह्याद्रीच्या पायथ्याकडील घरांत पावसाळा हाच खरा कसोटीचा काळ. दुपटे वाळत नाही, वाळले तरी कुबट वास धरते, डाग फिका होत नाही. तेथील बाया शेगडीत निखारे टाकून वर वेताची टोपली पालथी घालतात, तिच्यावर लंगोट पसरतात आणि निखाऱ्यावर ओवा-बाळंतशेपा टाकतात. त्याने कापड सुकते, वास जातो, पण डाग तसाच राहतो, कारण उष्णता प्रकाश नव्हे. तो राहू द्यावा. नीट धुतलेल्या, पुरत्या वाळलेल्या दुपट्यावर फिकट पिवळी छटा राहिली तरी ते दुपटे मुलाला निर्धास्त घालावे. आश्विन उजाडला आणि ढग सरले की तेच दुपटे भिजवून अंगणात पसरावे, म्हणजे उरलेला रंग ऊन काढून घेईल.

कार्तिकापासून फाल्गुनापर्यंत या मुलखात हवा कोरडी आणि ऊन स्वच्छ असते. ज्यांच्या घरी या दिवसांत पाळणा हलणार आहे, त्यांनी जुनी धोतरे आणि लुगडी शोधून धुऊन ठेवावीत, ऊन पडेल अशा जागी मजबूत दोरी बांधावी, लंगोट धुण्यापूर्वी त्याचा रंग पाहण्याची सवय घरातील प्रत्येकाने लावून घ्यावी. आणि धुण्याचे व वाळत घालण्याचे काम निम्मे तरी बाळाच्या वडिलांनी आपल्याकडे घ्यावे, अशी माझी वाचकांना विनंती आहे.